तात्यांच्या पोटातले नऊ जीव

“एक डोळा मिटा आणि दुसरा या नळीला लावा,” असे डॉक्टर फडतरे यांनी सांगितले, तेव्हा तात्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि ते त्या यंत्रापुढे हात जोडून उभे राहिले.

“तात्या, एकच मिटायचा,” मी हळूच म्हणालो.

“एक मिटला की दुसरा आपसूक मिटतोय. मी काय करू?”

शेवटी मी त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो, माझ्या तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकला आणि मान धरून उजवा डोळा नळीवर टेकवला. सरकारी दवाखान्याच्या त्या लहानशा खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता आणि खिडकीबाहेर एक भिजलेली शेळी माणसासारखी खोकत होती.

“दिसलं का काही?” डॉक्टरांनी विचारले.

“दिसतंय की. लांबट गोल हायत. कडंला नक्षी काढल्यागत. लई नाजूक काम हाय, डॉक्टरसाहेब. कुणी केलंय?”

“ती जंतांची अंडी आहेत. काल तुम्ही डबीतून जे आणून दिलंत ना, त्यातली.”

तात्या झटकन मागे सरले. “अंडी? माझ्या पोटात?”

त्यांच्या मुखावर त्या वेळी जी भीती उमटली, तिचे यथार्थ वर्णन करणे माझ्या लेखणीस साधणार नाही. कारण पायगोंडा तात्या म्हणजे आमच्या करंजवाडच्या जैन समाजातील सर्वांत कडक नेमाचे गृहस्थ होते. कांदा, लसूण, बटाटा यांना त्यांच्या घराचा उंबरठा माहीत नव्हता. सूर्य मावळल्यावर त्यांनी कधी घास घेतला नव्हता. ते माझे चुलते. मी चार वर्षांचा असताना पटकीच्या साथीत माझे आईवडील एकाच आठवड्यात गेले. तेव्हापासून तात्या आणि काकू यांनी मला पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या श्रावणातील. त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो, सातवी पास होतो आणि शेती पाहत होतो.

“आत मोठे जंत भरपूर असणार,” डॉक्टर सांगू लागले. “वीतवीतभर लांब. तुम्ही खाता ते सगळं तेच खातात, म्हणून तुमची ही अशी काठी झालीय. तुमच्या विहिरीच्या पाण्यातून आलेत. पावसाळ्यात शिवारातली घाण वाहून तिच्यात उतरते.”

“मी पाणी गाळून पितो. दोन पदरी कापडानं. पन्नास वर्सं झाली.”

“ही अंडी त्या कापडातून आरपार जातात, तात्या.”

हे वाक्य डॉक्टरांनी अगदी सहज उच्चारले. तात्या मात्र बाकावर खालीच बसले. आमच्या घरी पाणी गाळणे हे केवळ स्वच्छतेचे काम नव्हते. विहिरीचे पाणी जाड दुहेरी कापडातून गाळायचे, मग गाळलेले थोडे पाणी त्या कापडावर उलटे ओतून वर राहिलेले सूक्ष्म जीव एका कळशीत उतरवून घ्यायचे. यास जिवाणी म्हणतात. ती जिवाणी ज्या विहिरीतून पाणी आणले, त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही. त्या कळशीच्या बुडाला एक कडी असते. दोर कडीत अडकवून कळशी पाण्यापर्यंत अलगद उतरवायची आणि हलका झटका देऊन पालथी करायची, म्हणजे जीवांना दणका बसत नाही. हे काम मी वयाच्या दहाव्या वर्षापासून नित्यनेमाने करत होतो.

“इथनं फुडं उकळून पितो,” तात्या थोड्या वेळाने म्हणाले. “नवं कुणी यायचं न्हाई.”

“उत्तम! आणि आत आहेत त्यांच्यासाठी मी औषध देतो. दोन दिवसांत मरतील.”

“कोण मरतील?”

“जंत.”

तात्या उठले, डॉक्टरांना त्यांनी नमस्कार केला आणि बाहेर येऊन सरळ बैलगाडीत बसले.

परतीच्या वाटेवर अर्धा कोस ते बैलांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “नेमू, बस्तीच्या पाठशाळेत शिकलायस न्हवं? जंत किती इंद्रियांचा जीव?”

“दोन. स्पर्श आणि रसना.”

“म्हंजे त्याला चव कळती.”

“शास्त्राप्रमाणे कळते.”

तात्यांनी दीर्घ निःश्वास सोडला. “काल तुझ्या काकूनं आमटीत मीठ जास्त घातलं हुतं.”

त्या दिवसापासून आमच्या घरातील जेवणाची रीतच पालटली. चाळीस वर्षे तात्यांनी ताटात पडेल ते मुकाट्याने खाल्ले होते, आता ते प्रत्येक पदार्थ चाखून “तिखट त्यास्नी सोसंल का?” असे विचारू लागले. सूर्यास्ताच्या अगोदर ते दोन भाकरी जास्त खात, कारण आतल्यांना रात्री भूक लागली तर त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्यांना छळत होता.

काकूंचा संताप अनावर झाला. “मी म्हाताऱ्याला वाढायची का त्या पोटातल्या पंगतीला?” त्या परातीत पीठ आपटत म्हणाल्या. “माझ्या भावाला चार दीस ठिवून घ्या म्हटलं तर ह्यांच्या घरात जागा नव्हती. आन् हे बिनबोलवता आलेत, त्यास्नी दूधभात!”

“आसऱ्याला आलेत,” तात्या शांतपणे म्हणाले. “मी बोलवलं न्हाई, खरंय. पण दाराला आल्याला जीव मारून घालवायचा, हे मला जमायचं न्हाई.”

“अवं, ते तुमालाच खाऊन बसलेत!”

“त्यांचा काय दोष? त्यास्नी दुसरं यतंय काय?”

खरी अडचण चतुर्दशीला आली. तात्यांचा चतुर्दशीचा उपवास कधी चुकला नव्हता. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन ते घरी आले आणि उंबरठ्यावरच थबकले. स्वतः उपाशी राहण्यास त्यांची हरकत नव्हती. परंतु आतल्यांनी उपवासाचा नेम घेतलेला नव्हता. त्यांना बळेच उपाशी ठेवणे ही हिंसा नव्हे काय? दुपारपर्यंत ते सोप्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी ताट मागवले आणि डोळ्यांतून पाणी गाळत भात खाल्ला. भादव्यातील दशलक्षण पर्वाचे दहा उपवास अवघ्या तीन आठवड्यांवर आले होते. त्यांचे काय करावे, हे विचारण्यासाठी मी बस्तीच्या भरमू पंडितांना बोलावून आणले.

पंडितांनी सर्व वृत्तांत डोके हलवत ऐकून घेतला. “पाण्यातल्या जिवाबद्दल लिव्हलंय,” ते म्हणाले. “धान्यातल्या जिवाबद्दल लिव्हलंय. लाकडातल्याबद्दल तर लई लिव्हलंय. पोटातल्याबद्दल बघाय लागंल.” असे म्हणून ते पाहण्यासाठी गेले. पुढे आठवडाभर ते मला रस्त्यात दिसले की दुसऱ्या गल्लीत वळत.

तथापि हसण्याचे दिवस लवकरच संपले. तात्या खात होते आणि वाळत होते. त्यांच्या गालांची हाडे वर आली, पोट मात्र ताठ झाले. चतुर्दशीनंतर नवव्या दिवशी पहाटे त्यांना अशी कळ आली की ते अंथरुणावर धनुष्यासारखे वाकले. मी सायकलवरून दवाखाना गाठला. डॉक्टर फटफटीवरून तत्काळ आले, त्यांनी पोट दाबून पाहिले आणि मला अंगणात नेले.

“त्यांचा आत गुंता होऊ लागलाय,” ते म्हणाले. “सध्या वाट मोकळी आहे. पण एकदा का त्या गुंत्याने आतडं बंद केलं, तर मिरजेला पोचेपर्यंत हा माणूस राहणार नाही. आज औषध पोटात गेलं पाहिजे. पाय धरा, दरडावा, काहीही करा.”

मी तात्यांचे पाय धरले. काकूंनी तर त्यांच्या छातीवर डोके ठेवले आणि त्या म्हणाल्या, “माझं कपाळ पांढरं करून त्यास्नी पोसणार हायसा? सांगा की एकदा तोंडानं!”

तात्यांच्या ओठांना कोरड पडली होती. “चंद्रा, मी काय मराय बसलो न्हाई. मला जगायचंय. पण मारून न्हाई जगायचं.”

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना राग लवकर येई. त्यांनी पिशवीतली बाटली काढून खाटेवर आपटली. परंतु आपटताना त्यांची दृष्टी त्या बाटलीवरील कागदावर गेली असावी, कारण एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. ते खाटेच्या कडेवर बसले.

“तात्या, मी चुकीचं बोललो होतो. हे औषध त्यांना मारत नाही.”

“मग?”

“लुळं पाडतं. त्यांना गुंगी येते, आतड्याला धरून राहता येत नाही, आणि मग ते वाहत बाहेर येतात.”

“जिवंत?”

“जिवंत. हे मी खरं सांगतोय, तुमच्या समाधानासाठी नाही.”

तात्या मोठ्या कष्टाने कोपरावर उठले. त्यांनी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिले. “आन् भाईर आल्यावर त्यांनी जायचं कुठं?”

“कुठेही सोडा हो! जिथे सोडायचे तिथे सोडा. आधी हे प्या!”

डॉक्टरांच्या हातून घाईत निघून गेलेले हे एक वाक्य आम्हां सर्वांना किती महाग पडणार होते, याची त्या क्षणी कुणालाही कल्पना नव्हती.

“नेमू,” तात्यांनी माझा हात हातात घेतला, “जिवाणीचा नेम तुला ठावं हाय. जिथनं आले तिथं सोडायचं. इहिरीतनं आलेत, इहिरीत जातील. कडीच्या कळशीतनं, अलगद. बोल, करशील?”

त्यांचा हात निखाऱ्यासारखा तापलेला होता. ज्या हाताने त्यांनी मला भरवले, तो हा हात होता. मी म्हणालो, “करीन.”

“देवाची आण?”

“देवाची आण.”

तात्यांनी बाटली तोंडाला लावली आणि ते म्हणाले, “गोड हाय. त्यास्नी आवडंल.”

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्याच्या सुमारास मी परसात मातीची नवी परात ठेवली, तीत कोमट पाणी ओतले आणि पाठमोरा उभा राहिलो. त्यानंतरच्या पाऊण तासाचे वर्णन मी वाचकांच्या अभिरुचीचा आदर राखून गाळतो. एवढेच सांगतो की, नऊ निघाले. पांढुरके, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळते. त्यांतील दोघे संथपणे वळवळत होते. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. मी त्यांना एकेक करून स्वच्छ कोमट पाण्याच्या कळशीत सोडले. तात्यांनी कळशीत वाकून पाहिले आणि कित्येक दिवसांनी प्रथमच त्यांच्या मुखावर हास्य उमटले.

“लई मोठं झालेत,” ते म्हणाले.

मी थांबा म्हणत असताना ते काठी टेकत निघालेच. मी कळशी दोन्ही हातांत धरून पुढे, मागे तात्या, त्यांच्या मागे पदराने तोंड झाकलेल्या काकू, अशी आमची मिरवणूक गावविहिरीकडे चालली. वाटेत फटफटीचा आवाज आला. डॉक्टर रात्रभर झोपले नसावेत.

“थांबा! विहिरीत नाही!” ते लांबूनच ओरडले. “अहो, एकेका मादीत लाखांनी अंडी असतात! ती विहिरीत गेली तर सगळं गाव असंच खाटेवर पडेल!”

“तुमीच म्हनलासा, जिथं सोडायचं तिथं सोडा,” तात्या चालता चालताच म्हणाले.

“मला काय माहीत तुम्ही खरंच सोडाल!”

त्यांचे हे शब्द विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या कानी गेले. झाले! आमची शेजारीण हौसाबाई कुंभारीण हिने घागर बाजूला ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून ती विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहिली. तिचे घर विहिरीस लागूनच होते आणि विहिरीवर तिचा अधिकार चाले.

“काय हाय त्या कळशीत?”

“जीव हायत,” तात्या म्हणाले.

“कुणाचं?”

“माझ्या पोटातलं.”

हौसाबाईने वाकून कळशीत पाहिले आणि तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने पिंपळावरचे कावळे उडाले. “आगं आई! तात्या, तुमचं पावणं तुमी आमच्या घरी का धाडतायसा? तुमच्या जेवणावर पोसल्यालं, आमच्या कोरड्या भाकरीवर ऱ्हातील व्हय?”

तेवढ्यात भरमू पंडित बस्तीकडे चालले होते. या वेळी गर्दीमुळे त्यांना वळण्यास गल्ली उरली नाही. सर्वांनी त्यांना मधे घेतले. ते घसा साफ करून म्हणाले, “नेम असा हाय की, जिवाणी मूळ ठिकाणी सोडावी. पन ही जिवाणी म्हणायची का न्हाई, हे बघाय लागंल.”

“तुमी बघत बसा!” काकू कडाडल्या.

तात्या मात्र माझ्याकडे पाहत होते. “नेमू, दोर लाव.”

मी उभाच राहिलो. एका बाजूला देवाची आण होती आणि तात्यांचे प्राण नुकतेच त्या आणेवर परत आले होते. दुसऱ्या बाजूला त्या बायकांच्या कमरेवरची लेकरे होती. ज्या विहिरीवर मी उभा होतो, तिच्याच पाण्याने माझ्या आईबापांना नेले होते, असे गावात बोलत असत. बुद्धी चालेना. तथापि पाठशाळेत शिकलेले मला आठवले, आणि मी तात्यांना त्यांच्याच शास्त्राच्या आधारे एक प्रश्न विचारला.

“तात्या, हे विहिरीत सोडले, तर यांचा वंश हौसाबाईच्या पोटात जाईल. हौसाबाई काय करील?”

“औषिद घीन!” हौसाबाई गरजली. “मारायचं औषिद! एक न्हाई, दोन बाटल्या घीन!”

“म्हणजे तात्या, आपण यांना आज सोडणार, आणि यांची सर्व संतती गावभर मारली जाणार. लाखांनी. ते पाप कोणाचे?”

मला माझ्या युक्तिवादाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. तात्यांनी कळशीकडे पाहिले. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पण तात्यांची विचारशक्ती माझ्याहून सरळ होती. ती अर्ध्या वाटेवर थांबत नसे.

“खरं बोललास,” ते म्हणाले. “ह्यास्नी कुणीबी ठिवून घ्यायचं न्हाई. सगळ्या गावात एकच पोट असं हाय की जिथं ह्यास्नी कुणी मारणार न्हाई.” आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “आन ती कळशी. मी पितो.”

हौसाबाई मटकन खाली बसली.

डॉक्टरांना कंठ फुटला तो प्रथम इंग्रजीत. मग ते मराठीत ओरडू लागले. तात्यांनी तोवर कळशीच्या काठाला हात घातला होता. मी ती सोडत नव्हतो आणि ते ओढत होते. आतले पाणी डुचमळत होते. अशा वेळी, ज्या काकूंना मी आजवर फक्त भाकरी थापताना पाहिले होते, त्या पुढे आल्या.

“दीस किती वर आलाय?” त्यांनी करड्या स्वरात विचारले.

तात्यांनी पूर्वेकडे पाहिले. सूर्य नुकताच उसाच्या वर आला होता.

“दोन घटका झाल्याबिगर तोंडात पाणी घ्यायचं न्हाई, हा नेम कुणाचा?”

तात्यांचे हात ढिले पडले. “माझा,” ते म्हणाले.

“आन् गाळल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई, हा?”

“त्योबी माझाच.”

“मग गाळून प्या.”

“गाळलं तर हे वर ऱ्हातील, चंद्रा.”

“वर ऱ्हातील त्याचं काय करायचं?”

“मूळ ठिकाणी...” तात्यांनी विहिरीकडे पाहिले, मग हौसाबाईकडे, मग स्वतःच्या पोटाकडे. पंडितांनी हळूच काढता पाय घेतला. तात्या विहिरीच्या पायरीवर बसले, कळशी त्यांनी मांडीजवळ ओढून घेतली आणि म्हणाले, “दोन घटका होऊ देत. तवर सुचंल.”

आम्ही सर्वजण बसलो. असा विलक्षण प्रसंग माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. पाण्याच्या घागरी रिकाम्या, बायका ओळीने बसलेल्या, डॉक्टर फटफटीला टेकून डोके धरून उभे, आणि मध्यभागी एक म्हातारा माणूस कळशीभोवती तळहात लपेटून तिला ऊब देत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना काही सुचणार नव्हते. दोन घटकांनी ते पिणार होते, कारण त्यांच्यापाशी दुसरी वाटच उरली नव्हती. डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले, “ते आता पोटात गेल्याने काय होईल ते सोडा. पण हा माणूस यापुढे औषधाला शिवणार नाही. आत अजून शिल्लक असतील. भादव्यापर्यंत संपेल तो.”

मी उठलो. “तात्या, पाणी गार पडले. कोमट आणतो.”

त्यांनी अगदी विश्वासाने कळशी माझ्या हाती दिली.

हौसाबाईच्या चुलीवर पाण्याचा हंडा खळखळत होता. ती माझ्या मागोमाग आत आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिला सर्व उमगले. तिने तांब्या उचलला. “आन हिकडं,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मी वतते. आमच्यात चालतंय. तुजं नाव न्हाई लागायचं.”

तिचे म्हणणे योग्य होते. मी तोंड फिरवून उभा राहिलो असतो, तर जन्मभर म्हणू शकलो असतो की माझ्या हातून काही घडले नाही. परंतु शपथ मी घेतली होती. मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि हंड्यातले उकळते पाणी स्वतः कळशीत ओतले. एक तांब्या, दुसरा, तिसरा. जे वळवळत होते, तेही शांत झाले. हौसाबाई पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे वळली. मग मी ते सर्व तिच्या चुलाणातील विस्तवात रिकामे केले.

परत येताना मी एक वाक्य मनाशी जुळवले होते: ‘तात्या, त्यांना दूर ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात सोडले.’ डॉक्टरांनीही दुरूनच मान हलवून ‘तसेच काहीतरी सांगून टाका’ असे सुचवले. पण मला येताना पाहून तात्या पायरीवर थोडे सरकले आणि त्यांनी कळशी ठेवण्यासाठी आपल्या शेजारची जागा हाताने झाडून साफ केली. त्यानंतर माझ्याने ते वाक्य बोलवेना.

“तात्या, मी त्यांना मारले.”

बायकांपैकी कुणीतरी जीभ चावली. तात्या माझ्याकडे पाहत राहिले.

“किती?”

“नऊही.”

“तुझ्या हातानं?”

“माझ्या हाताने.”

तात्यांनी रिकाम्या कळशीत डोकावून पाहिले. त्यांनी विचारले, “लई येळ लागला का?”

“नाही. लगेच.”

तात्या काठीवर भार देऊन उठले. मी आधार देण्यासाठी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून ते घराकडे गेले. हौसाबाईने घागर उचलली, रहाट कुरकुरला आणि बायका पाणी भरू लागल्या. मी त्या रिकाम्या कळशीसह तिथेच बसून राहिलो.

पंधरा दिवस तात्या माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. ते सोप्यात असले की मी परसात असे. माझ्या पाठीमागे काकू येऊन सांगत की आज दीड भाकरी खाल्ली, आज दोन, आज पोटात कळ नाही. आणि सांगताना त्या हसत आणि लगेच पदर डोळ्यांना लावत. पंडितांनी मला प्रायश्चित्त म्हणून नऊ दिवस एकभुक्त राहण्यास सांगितले. हे मात्र त्यांना कुठेही पाहावे लागले नाही. मी ते नऊ दिवस पुरे केले. भादव्यात तात्यांनी दहाऐवजी एकच उपवास केला, तोही सुखाने पार पडला.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी दुसरी बाटली पाठवली. आत शिल्लक राहिलेल्यांसाठी ती आवश्यक होती आणि पुढेही दर सहा महिन्यांनी द्यावी लागणार होती, असे त्यांनी चिठ्ठीत लिहिले होते. मी बाटली पुढे ठेवून परसातल्या दगडावर बसलो. कुठल्या तोंडाने विचारावे, हे समजत नव्हते. काकूंमार्फत आमटीत मिसळून द्यावे, असाही विचार आला. पण मला तो हीनपणाचा वाटला.

पाठीमागे काठीचा आवाज झाला. तात्या आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या गालांवर थोडे मांस आले होते. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

“ह्यात काय हाय?” त्यांनी विचारले.

पंधरा दिवसांनंतरचे ते पहिले शब्द होते. मी खरे तेच सांगण्यासाठी तोंड उघडले. तोच त्यांनी हात वर केला.

“सांगू नगंस. तुला ठावं हाय न्हवं?”

“आहे.”

“मग तेवढं बास हाय.” त्यांनी बूच काढले. “मला ते पेलायचं न्हाई, नेमू. माझ्या वाटचं तू ठिवून घे.”

त्यांनी औषध पिऊन टाकले, रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि तो हात क्षणभर आपल्या हातात धरून ठेवला.

त्यानंतर तात्या चौदा वर्षे जगले. दर सहा महिन्यांनी मी त्यांच्यासमोर एक पेला ठेवत असे. ते पेला उचलण्याआधी किंचित थांबत, जणू काही विचारावे की नाही असे त्यांच्या मनात येई. आणि मी त्याच वेळी पेरणीचे, बैलाचे, हौसाबाईच्या भांडणाचे काहीतरी बोलू लागे. चौदा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारायला लावले नाही.